दारावरचा डावा हात

माझं दुकान खामगावात, कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गाड्यांवर रेडियमची नावं आणि नक्षी लावायची, कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करायच्या, हे आमचं काम. शटर उघडलं की आधी दिवसाची यादी करायची, मग चहा. त्या वर्षी यादी दोन ओळींपुढे जाईना. बीटी कपाशीला अळी लागत नाही या भरवशावर सगळा मुलूख होता आणि गुलाबी अळी बोंडाच्या आत बसली होती. नवा ट्रॅक्टर कोणी घेईना, मग रेडियम कोण लावणार?

माझा धाकटा भाऊ जवळच्या उंद्री गावात राहायचा. आजूबाजूच्या गावांचा कापूस तो त्याच्या निळ्या मेटॅडोरमध्ये भरून इथल्या सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात आणायचा. वाहायला कापूसच उरला नाही तेव्हा त्यानं गाडी विकली, आणि हळूहळू बोलणंही बंद केलं. एक दिवस भावजय दुकानात आली आणि फवारणीच्या औषधाचे डबे असलेली पिशवी माझ्यापुढे ठेवली. "ताई, हे तुमच्याकडं कुलपात ठेवा." मी पिशवी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आम्ही दोघींनी मिळून ठरवलं: त्याला एकटं सोडायचं नाही. दिवसभर तो माझ्याकडे, रात्री घरी. "ताईच्या दुकानात मदत पाहिजे" असं सांगून भावजय त्याला रोज सकाळच्या एसटीत बसवून द्यायची. तो यायचा, स्टुलावर बसायचा आणि रस्त्याकडे बघत राहायचा. जेवण पुढे ठेवलं तर जेवायचा. डबा पुढे ठेवला नाही तर मागायचा नाही.

कॉम्प्युटरवर एक ट्रक चालवायचा गेम होता. त्यातल्या गाडीला आपल्याला हवा तो रंग चढवता येतो, त्याला स्किन म्हणतात. शिंप्यानं सदरा उसवून पसरावा तशी गाडीचं सगळं अंग एका सपाट चित्रात पसरलेलं असतं. त्या चित्रावर रंगवलं की गेममधली गाडी तशी दिसते. रेडियमच्या कामाचाच भाऊबंद. मी ठरवलं, त्याची मेटॅडोर करायची. जुने फोटो काढले आणि यादी केली. निळा रंग, उन्हानं विटलेला. बंपरवरचा वेल्डिंगचा टाका. आरशाला लिंबू-मिरची. ताडपत्रीचं ठिगळ. गेममधल्या ड्रायव्हरच्या अंगात त्याचा चौकड्यांचा शर्ट घातला, गळ्यात दुपट्टा टाकला. चेहऱ्याला हात लावला नाही. तो मला जमला नसता.

शेवटी उरला आईचा हात. दरवर्षी वेचणीआधी शेतात सीतादही व्हायचं, म्हणजे कपाशीची पूजा करून दहीभात शिंपायचा. पहिला माल भरला की आई ओल्या हळदीचा पंजा गाडीच्या दोन्ही दारांवर उमटवायची, मगच गाडी हलायची. आई जाऊन बराच काळ झाला होता आणि फोटोत ते ठसे पुसट होते. म्हणून मी माझाच हात हळदीत बुडवला, कागदावर उमटवला, स्कॅन केला आणि दारावर बसवला.

सगळं झाल्यावर त्याला खुर्चीत बसवलं. "पाह्य बरं, ओळखू येते का?"

त्यानं खुर्ची पुढे ओढली. मग गाडी चालू केली. त्याचा डावा हात गिअरच्या जागी गेला, तिथे नुसतं टेबल होतं. त्यानं गाडी थांबवली आणि बाहेरून चहूबाजूंनी फिरवून पाहिली. ड्रायव्हरकडचं दार आलं तसा थांबला.

"ताई, हा हात डावा हाय."

किती दिवसांनी त्याचं एक सलग वाक्य ऐकलं! अर्थ नंतर कळला. गेम दोन्ही बाजूंना एकच चित्र लावतो, दुसऱ्या बाजूला आरशासारखं उलटून. नाव असतं तर उलटं झालेलं लगेच दिसलं असतं. पंजा उलटलेला माझ्या ध्यानातही आला नाही.

"आईनं कधी डावा लावला असता काय? पयल्या मालाले?"

"अरे, गेमच तसा आहे. एका दाराला उजवा लावला की दुसऱ्याला डावाच येतो."

"मंग लावलाच काऊन?"

तो उठून बाहेर गेला. मी शटर तसंच उघडं टाकून मागे धावले. चहाच्या टपरीवर नव्हता. स्टँडच्या रस्त्याला नव्हता. जिनिंगच्या बंद फाटकापाशी सापडला, गजांना धरून उभा. आत कापसाचे ढीग लागायचे तिथे नुसती माती होती.

मला धाप लागली होती. इतके दिवस गिळून ठेवलेलं तोंडातून निघून गेलं. "मले तुह्यं भ्याव वाटते रे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "मलेबी," म्हणाला.

मीही त्याच्या शेजारचा गज धरला. मग तोच म्हणाला, "दारावरचा हात काढ. मांगच्या फळीवर लाव. मांग एकच बाजू असते."

"लावते. उद्या येऊन बघशील?"

"पाहू."

त्या "पाहू"वर मी रात्र काढली. सकाळी पहिल्या एसटीतून तो उतरला नाही. भावजयीचा फोन लागेना. दुसऱ्या गाडीतून उतरला, सरळ कॉम्प्युटरपुढे बसला. पंजा पाहिला, मान हलवली. मग म्हणाला, "फळी निळी नोहती, ताई. लाल होती."

लाल होती हे मला ठाऊक होतं. फोटो समोरच होता, मी घाईत चुकले होते. त्याला रंग बदलून दिला आणि तो गेल्यावर कागद घेऊन बसले. यादी सुरू केली, पण वेगळी: चाकाच्या नटांचा रंग, शर्टाचं बटण, लिंबाऐवजी नुसत्या मिरच्या. त्या दिवसापासून रोज एक चूक मी मुद्दाम ठेवू लागले, आणि तो ती काढायला येऊ लागला.

एकदा जाताना दारात थांबला. "उद्यासाठी काय चुकवून ठेवलं वं ताई?" चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"सांगणार नाही. ये अन् पाह्य."

तो एसटीत चढला. मी दुकानात परतले आणि गाडीच्या टपावरची ताडपत्री उलटी टाकून ठेवली.