ओल्या रेषेवरची फुंकर

नववीत शाळा सुटली तेव्हा पुस्तक पुन्हा हातात येईल असं वाटलं नव्हतं. परभणीकडचं गाव सोडून मामीबरोबर पेणला आले आणि गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायला शिकले. मला शिकवणारे भाऊ वर्षानुवर्षांच्या धुळीने दमेकरी झाले होते. एकदा दवाखान्यात एक ताई त्यांच्या उशाशी तासभर बसल्या, मास्क नीट केला आणि त्यांचा श्वास लायनीवर आणला. आपण रेस्पिरेटरी थेरपिस्ट, असं त्या म्हणाल्या. तो शब्द मी तळहातावर लिहून घेतला. मग दहावी बाहेरून दिली, बारावी सायन्स केली, धडपडत पदवीला जागा मिळवली.

सध्या रोह्याच्या एका इस्पितळात शिकाऊ आहे. सुट्टीला अजून पेणच्या कारखान्यात जाते. पण पेशंटसमोर माझी बोबडी वळायची. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "पुस्तक पाठ आहे तुझं, पण तुला बघून पेशंट जास्त घाबरतो. उद्या माझ्यासमोर पेशंट सांभाळायला जमलं नाही तर हे सत्र पुन्हा." पुन्हा म्हणजे वर्ष गेलं. तरी मागे फिरायचं नाही एवढं पक्कं होतं. सकाळी वॉर्डाच्या दाराशी मी पेन कपाळाला लावलं, कारखान्यात कुंचला लावते तसं. बाप्पा, शब्द दे, एवढंच मागितलं.

खाटेवर दम्याने धाप लागलेल्या पेणकडच्या एक आजी होत्या, रोह्याजवळच्या वरसे गावात लेकीकडे आलेल्या. औषध, ऑक्सिजन चालू होता, पण भीतीने त्यांनी खाटेचा दांडा आवळून धरला होता. मी म्हणत राहिले, "मोठा श्वास घ्या आजी, मोठा घ्या." श्वास उलट तोकडा होत गेला. मागे मॅडम उभ्या. तेवढ्यात आजींची नजर माझ्या नखातल्या काळ्या रंगावर गेली.

"कारखान्यात... हायस काय गो?"

"व्हय आजी. डोळे आखते."

"मंग... रेषेवर फुक मारतस ना?"

माझ्या अंगावर काटा आला. ओली रेषा पसरू नये म्हणून ओठ आवळून, हळू, लांब फुंकर मारायची. पुस्तकात दमेकऱ्यांसाठी सांगितलेला श्वासही तोच. आजींचा श्वास अडकला होता सोडताना, आणि मी त्यांना घ्यायला सांगत होते. मी तळहात पुढे धरला. "ही ओली रेष. फुंका आजी. रंग पसरता कामा नये."

त्यांनी फुंकलं. पुन्हा फुंकलं. दांड्यावरची बोटं सैल झाली. "चाळीस वर्सं फुकलंय," त्या म्हणाल्या. "तुझा हात लय कापतो गो. डोले वाकडे काढशील."

मॅडमनी माझी नखं पाहिली. "उद्यापासून स्वच्छ धुऊन यायचं." मग वहीत सही केली. "पुढचं सत्र सोमवारपासून."

भाऊ सांगायचे, आपण रेष ओढायची, त्यातून बघणारा बाप्पा. मी शब्द मागितले होते. त्याने ते बोलायलाही दम नसलेल्या माणसाकडून पाठवले. आता अभ्यास तेवढाच करते, भीतीही पुरती गेलेली नाही. फक्त वॉर्डात शिरले की आधी स्वतः एक लांब फुंकर सोडते आणि पुढचं त्याच्यावर सोपवते.