भोंगा दोन्हीकडे वाजला

मंडळी, अजून अंगावर काटा आहे.

आमच्या ग्रुपला 'बादशाह' माहीत आहे. वर्षभर मला ऑनलाइन गोळीबाराच्या गेममध्ये मारून वर हिंदीत टोमणे मारणारा. मी त्याला दिल्लीचा समजत होतो.

आज दुपारी मॅचमध्ये शेवटी आम्ही दोघंच उरलो. या गेममध्ये जवळ आलं की शत्रूचाही माइक ऐकू येतो. मी भिंतीच्या अलीकडे, तो पलीकडे. "आजा बेटा," तो म्हणाला.

तेवढ्यात आमच्या बोईसरच्या कंपनीचा शिफ्ट सुटल्याचा भोंगा खिडकीतून आला. आणि हेडफोनमध्येही, त्याच्या माइकमधून, तोच भोंगा!

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "भोंगा झाला रे, पप्पा येतील, चहा ठेव!"

हेडफोनमध्ये दुसरीच आई ओरडली, "भोंगा झाला, ऐकला नाय? बाबा येतील, चाय ठेव!"

मग बादशाह हळूच मराठीत म्हणाला, "तू पण इकडचाच हाय?"

"हो रे."

गोळी कुणीच झाडली नाही. मॅच तशीच सोडून दोघंही चहा ठेवायला उठलो.

वर्षभर ज्याला शिव्या घातल्या, त्याच्या घरचा चहा आमच्याच भोंग्यावर उकळतो. तुम्हाला कधी शत्रूच्या माइकमधून स्वतःचं घर ऐकू आलंय?