थम म्हणायचं राहून गेलं

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर पंच्याण्णव वर्षांचे निवृत्त सुभेदार एकटे राहतात. दूध घ्यायला खाली उतरताना भिंत, कठडा, हाताला लागेल ते धरतात. पण पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर कुणी ‘सावधान’ म्हटलं, की हाच माणूस खांबासारखा ताठ! हे होतं तरी कसं? मला राहवेना.

मी हौशी नाटकवाला, आवाजाची खुमखुमी आहेच. एकदा जिना उतरून ते अंगणात आले, तेव्हा मागून हळूच कवायतीतलं “बायां, दायां, बायां” सुरू केलं. पाठ सरळ झाली, भिंतीवरचा हात सुटला आणि साहेब फाटकापर्यंत तोल न जाता गेले. तिथे वळून म्हणाले, “आवाज बारीक आहे. जेवत नाही का?”

मागच्या महिन्यात ते बाथरूममध्ये पडले. लागलं थोडंच, पण धायरीला राहणारी त्यांची सत्तरीची लेक आली ती कपडे भरायलाच.

“बाबा, आता माझ्याकडे चला.”

“कशाला? टीव्हीसमोर बसवून ठेवायला?”

शेवटी ठरलं, त्यांच्या डॉक्टरीणबाई सांगतील तसं. त्या ‘एकटे नको’ म्हणाल्या, तर धायरी. सोबतीला मी गेलो.

परीक्षा साधी होती. खुर्चीतून उठायचं, दहा पावलं चालायचं, वळून परत यायचं, बसायचं. तिसऱ्याच पावलाला ते झुकले. लेकीने सावरून पुन्हा बसवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“डॉक्टर, मी जरा मदत करू?”

“करा की.”

मी पोट आत घेतलं. “तेज चल!”

काय चालले हो! हात खांद्याला भिडत होते. डॉक्टरीणबाईंचं पेन हवेतच राहिलं. मी स्वतःवर इतका खूश, की पुढचा हुकूम द्यायचाच विसरलो. दहा पावलं झाली, दार आलं, दार गेलं, बाकावरच्या पेशंटांनी पाय आत घेतले, आणि सुभेदार निघाले रस्त्याकडे.

“बाबा, थांबा!” लेक ओरडली.

“अहो, थांबा, थांबा!” मीही धावत ओरडलो. विनवण्या ते ऐकत नसतात. अगदी पायरीच्या तोंडाशी मला शब्द सापडला.

“थम!”

टाच वाजली. उभे.

डॉक्टरीणबाई हसू आवरत म्हणाल्या, “राहू द्या यांना घरी. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवा, आणि रोज कुणीतरी असंच चालवा. मात्र थांबवा वेळेवर.”

“रोज कोण येणार?” लेकीने विचारलं, आणि तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“सकाळी सहाला,” सुभेदार म्हणाले. “आणि थम डाव्या पायावर द्यायचं असतं. तुम्ही उजव्यावर दिलंत.”