रतनगडाचं शेपूट

रतनगडाला जायचं ठरलं ते नव्या बुटांमुळे. सेलमध्ये मिळाले म्हणून घेतले. हे घालून जाणार कुठे, असं बायकोने, नीलिमाने, विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, रतनगडावर. वय अठ्ठेचाळीस, भिंगारच्या एका कचेरीत खुर्चीला चिकटलेली नोकरी. पण बोलून बसलो होतो. एका ट्रेकिंग ग्रुपचा ऑनलाइन फॉर्म भरला. याआधी किती ट्रेक केलेत, यापुढे ‘सात’ लिहिलं. त्यातले पाच नगरजवळच्या चांदबीबी महालाचे होते, तेही स्कूटरवरून, पण फॉर्ममध्ये स्कूटरचा रकाना नव्हता.

कचेरीत ही बातमी मीच पसरवली. शेजारच्या टेबलावरचे साळवे म्हणाले, तू पायथ्याशी पिठलं-भाकरी खाऊन परत येणार. ते मला फार लागलं. माथ्याजवळ कड्याला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. त्यात उभं राहून फोटो काढायचा आणि साळव्यांना पाठवायचा, यापलीकडे मला आयुष्यात काही नको झालं.

शनिवारी दुपारी नगरहून मिनीबस निघाली. संगमनेर, अकोले, राजूर आणि मग भंडारदऱ्याच्या पाण्याच्या कडेकडेने रतनवाडी. साडेपाच तास धरा. राजूरनंतर वळणंच वळणं आहेत, पोट नाजूक असेल तर पुढची सीट पकडा. माणशी चौदाशेत प्रवास, घरगुती मुक्काम आणि जेवण. वनखात्याची पावती वेगळी. थंडीत जाणार असाल तर कानटोपी न्या. मोबाईलला रेंज नाही, म्हणजे साळव्यांचे मेसेजही नाहीत. जेवायला पिठलं, तांदळाची भाकरी आणि लसणाचा असा ठेचा, की मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

जेवण झाल्यावर आमची लीडर प्राजक्ता, माझ्या पुतणीच्या वयाची, हातात फॉर्म घेऊन उभी राहिली. सात ट्रेकवाले काका उद्या शेपूट असतील, म्हणाली. शेपूट म्हणजे रांगेतला शेवटचा, अनुभवी माणूस. त्याच्या गळ्यात शिट्टी, आणि त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. दहा वाजेपर्यंत कड्यावरच्या लोखंडी शिडीपाशी जो पोहोचणार नाही, तो खालीच थांबेल. त्याच्यासोबत शेपूटही थांबेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सकाळी सातला निघालो. सगळ्यात पुढे गावचा वाटाड्या हिरामण, पायात साध्या चपला. मधे अठरा जण. मागून दुसऱ्या गायकवाड सिस्टर आणि शेवटी मी. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, वय बासष्ट. पहिला अर्धा तास ओढ्याकाठची सपाट वाट होती, तेव्हा मी त्यांना ट्रेकिंगवर मार्गदर्शन केलं. मग जंगलातला चढ लागला आणि मार्गदर्शन आपोआप थांबलं.

तेवढ्यात सिस्टरही थांबल्या. बुटाची नाडी सुटली होती. शंभर पावलांवर पाणी प्यायला थांबल्या. मग एका झाडापाशी, हा हिरडा असेल का, म्हणून. मग नुसत्याच, पाखरू ओरडतंय म्हणून. मी दर वेळी मोठ्या मनाने खोडाला टेकून उभा राहायचो. पण घड्याळ काही मोठ्या मनाचं नव्हतं. नऊ वाजले तरी शिडीचा पत्ता नाही. पुढच्यांचे आवाजही ऐकू येईनात. या बाईंपायी माझं नेढं जाणार, साळवे जन्मभर पिठलं काढणार, या विचाराने मी चिडलो आणि शेवटी म्हणालो, “सिस्टर, जरा पाय उचला. तुमच्यामुळे मलाही खाली राहावं लागेल.”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, बरं म्हणाल्या आणि निघाल्या. पाच मिनिटांत त्या दिसेनाशा झाल्या. मी जोर करून वीसेक पावलं गेलो आणि एका दगडावर बसलो. छातीत भाता चालू होता, पोटात ठेचा. शिट्टी वाजवावी म्हटलं, तर फुंकायला वारा शिल्लक नव्हता. मला रडू येईल असं वाटत होतं, आणि आजूबाजूला कोणी नाही याचं बरंही वाटत होतं.

थोड्या वेळाने वरून हिरामण उड्या मारत आला.

“त्या बाई म्हनल्या, खाली येक पेशंट बसल्यात. तुमीच का?”

मी मान हलवली. शिडी किती लांब, विचारलं.

“लई न्हाई. हितंच हाय.”

हे ‘हितंच’ तो सकाळी सातपासून सांगत होता.

मागोमाग सिस्टर आल्या. पंधरा मिनिटं चढलेलं सगळं उतरून. न विचारता माझं मनगट धरून नाडी मोजली.

“दुखतंय कुठं? चक्कर?”

नाही म्हणालो.

“मग नुसता दम आहे. ओढ्यापासून तुमचा श्वास ऐकत होते. थांबा म्हटलं असतं तर तुम्ही थांबला नसता, म्हणून मीच थांबत होते.”

मला फार लाज वाटली. त्यांनी माझ्या गळ्यातली शिट्टी काढून स्वतःच्या गळ्यात घातली आणि मला पुढे घातलं. पंधरा पावलं, थांबा. पंधरा पावलं, थांबा. आता बुटाची नाडीही नाही आणि हिरडाही नाही.

शिडीपाशी पोहोचलो तेव्हा दहा पंचवीस झाले होते. आमचे सगळे तिथेच उभे होते. रविवार, त्यात आधी आलेला एक कॉलेजचा घोळका शिडीवर अडकलेला. प्राजक्ताने घड्याळ पाहिलं, रांग पाहिली आणि म्हणाली, काका, लागा मागे. रविवारच्या गर्दीला लोक नावं ठेवतात. मी ठेवणार नाही.

नेढ्यात उभा राहिलो. वारा असा की टोपी कुशीत धरावी लागली. एकीकडे धरणाचं निळं पाणी, एकीकडे अलंग-मदन-कुलंग गडांच्या भिंती. मी फार आनंदात होतो. फोटोत सिस्टरनाही ओढून घेतलं.

घरी आल्यावर साळव्यांना फोटो पाठवला, अंगठा आला. नीलिमाला मात्र सगळं खरं सांगितलं. म्हटलं, एक बाई माझी अब्रू राखायला दोन तास माझ्यापुढे मुद्दाम हळू चालली, आणि मला कळलंसुद्धा नाही.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “कापडबाजारात मी दर दुकानापुढं थांबते, ते कशासाठी असं वाटतं तुम्हाला? मला घ्यायचं काहीच नसतं.”