सीताफळाच्या पानांचा काढा

रविवारी मावशीकडे सौंसरला गेले आणि स्वयंपाकघरात पाय टाकताच डोकं फिरलं. गॅसवर सीताफळाच्या पानांचा काढा उकळत होता... आणि तो माझ्या नावानं उकळत होता.

मी पांढुर्ण्याला कॉलेजात शिकवते. याच पानांचा अर्क काढून आम्ही लॅबमध्ये तपासला. प्लेटमध्ये जंतूंची वाढ थांबली, कॅन्सरच्या पेशीही बऱ्याच मेल्या. आनंद झाला, खोटं कशाला बोलू! पण प्लेटमधल्या पेशी फिनाईलनंही मरतात... म्हणून फिनाईल कोणी पितं का?

एका पोर्टलवाल्यानं मात्र ठोकून दिलं, 'पांढुर्ण्याच्या लेकीनं शोधलं कॅन्सरचं औषध'. बातमी काढून टाका म्हणून फोन केला, तर म्हणतो, "मॅडम, व्ह्यूज जबरदस्त येऊन राहिले!" शेवटी नातेवाइकांच्या ग्रुपवर मीच लिहिलं, हे औषध नाही. त्यावर हात जोडलेले इमोजी आले... एवढं करूनही पोरीला गर्व नाही म्हणे! माझा नकार सगळ्यांनी विनयात जमा केला.

मावशीला स्तनाचा कॅन्सर आहे. नागपूरला केमो चालू होती, गाठ कमी होत होती. बातमी आली आणि तिनं जाणंच बंद केलं, आम्हाला कोणाला न सांगता.

मावसाजी वर मलाच विचारतात, "घरचंच औषध हाये त केमोनं केस कायले घालवाचे?" आपलेच दात, आपलेच ओठ.

काढा मी मोरीत ओतून दिला. ओरडले, मग रडले. "मावशी, हा अजून उंदरालासुद्धा पाजून पाहिलेला नाही गं!"

तिनं रिकामं भांडं माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाली, "त्या बातमीवाल्याच्या भरोशावर नाही पेला व बाई. तुह्यावर भरोसा होता म्हणून पेला."

काल तिला नागपूरला नेलं. गाठ वाढली आहे. केमो पुन्हा सुरू झालीय, पुढचं डॉक्टर काही सांगत नाहीत.

ती बातमी अजून फिरते आहे. तुमच्याकडे आली तर कृपा करून पुढे पाठवू नका.

परत येताना मावशी गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मला एका शब्दानं बोलली नाही... बोलली असती तर बरं झालं असतं.