माफी मागायला निघालेले ओनोदेरा

ओनोदेरा शिगेहारू खेळत होते तेव्हा त्यांना कुणी ओळखले नाही. उमेदीची सारी वर्षे त्यांनी एका दुय्यम फुटबॉल संघाचा बचाव सांभाळला. गोल दुसऱ्यांनी केले, जयजयकार दुसऱ्यांचा झाला. यांच्या वाट्याला घामाने भिजलेली जर्सी तेवढी आली. तरी सामना संपला की ते मैदानाला कमरेत वाकून वंदन करीत. ज्या मातीने धावू दिले, तिच्यापुढे मान लवणार नाही तर कुठे लवणार? निवृत्त होऊन ते आमच्या याइझू बंदरात मासळी सुकवण्याच्या कामाला लागले आणि तृप्त मनाने राहू लागले.

पण कीर्ती त्यांना शोधत आली! एका सकाळी शेजारच्या हात्सुए आजींच्या टोपलीतून संत्रे घरंगळले. दारात झाडणाऱ्या ओनोदेरांनी हातातला झाडू न सोडता ते पायावर झेलले, गुडघ्यावर खेळवले आणि अलगद टोपलीत परत टाकले. पुतणी मिचिरूने ते मोबाइलवर टिपून इंटरनेटवर टाकले, आणि लाखो डोळे त्या एका पावलावर भाळले. मग दर रविवारी दूरदूरची माणसे तोच खेळ पाहायला संत्री घेऊन आमच्या अरुंद गल्लीत रांग लावू लागली.

गल्ली मात्र गप्प होती. त्या मौनाने ओनोदेरांची अन्नावरची वासना उडाली. आपल्यापायी शेजाऱ्याला उपद्रव व्हावा, याहून मोठे पाप त्यांना ठाऊक नव्हते.

"अहो, चिडले असते तर बोलले असते," पत्नी कानाए म्हणाली.

"चिडलेत म्हणूनच बोलत नाहीत!"

अखेर एका दुपारी, सूट-टाय घालून, मिठाईचे डबे घेऊन ते क्षमा मागायला निघाले. दारोदार वाकले, दारोदार डबा पुढे केला. पण संकोच असा की "आजवर सांभाळून घेतलंत," एवढेच म्हणून ते पुढचे दार गाठत. आता, गल्ली कायमची सोडणारा माणूसही आमच्याकडे असाच डबा देऊन निरोप घेतो! माझ्या दारातून ते वळले, तेव्हा माझ्याही काळजात चर्र झाले.

संध्याकाळी सारी गल्ली त्यांच्या दारात लोटली. पुढे हात्सुए आजी.

"काय रे शिगे, चार लोकांनी टाळ्या वाजवल्या, की निघालास टोकियोला?"

"टोकियोला? मी? आजी, मी माफी मागायला आलो होतो! ही गर्दी, तुम्हाला होणारा त्रास..."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं? रडून रडून माझे डोळे सुजले, मेल्या!"

"त्रास होतोच," मासळीवाले कुवाबारा गुरगुरले. "रविवारी माझी सायकल अडते. रांग देवळाच्या अंगणात वळवा, ओनोदेरा-सान. तेवढ्यासाठी कुणी घर सोडतं का?"

"म्हणजे... मी राहू?"

"नाहीतर आम्ही टिंगल कुणाची करायची?" आजी म्हणाल्या, आणि सगळे खो खो हसले.

ओनोदेरांच्या छातीवरची शिळाच उतरली. हसता हसता ते डोळे पुसू लागले. कानाएने वाढलेला भात त्यांनी लहान मुलासारखा भराभर संपवला. भोवती चहा फिरला, डबे उघडले गेले. रांग देवळाच्या कोणत्या बाजूने वळवावी, यावर कुवाबारा आणि आजी यांची चांगलीच जुंपली. त्या गलबल्यातच ओनोदेरा भिंतीला टेकून गाढ झोपी गेले. कानाएने त्यांच्या गळ्यातला टाय हलकेच सैल केला.