ठुशीची जुनी खूण

माझ्या थोरल्या बहिणीचा गळा हळ्ळीखेडमध्ये नावाजलेला होता. खोटं वाटेल, पण आडावर पाणी शेंदताना बायका त्याच्यावर बोलायच्या. भरला गळा, मानेवर दोन वळ्या, लक्ष्मीचं लक्षण म्हणे! माझी मान काटकुळी. आजीची ठुशी आमच्या आईनं, अव्वानं, आधी अक्काच्या गळ्याला लावून बघितली, मग माझ्या. अक्काच्या गळ्यावर ती अशी बसली की अव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या गळ्यात ती हाडांवर आपटत राहिली. ठुशी अक्काची ठरली, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं ते लागलंच.

तेव्हा अक्का सतरा-अठराची, मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. निंबर्ग्याचं एक चांगलं स्थळ अक्कासाठी बोलण्यात होतं. अव्वा मनात मांडे खात होती आणि मी आतल्या आत जळत होते.

सणावाराला ठुशी बांधायचं काम माझं. मागं रेशमी गोफ होता, आणि आजीच्या काळापासून गाठ एकाच जागी बसून तिथं काळपट खूण पडली होती. पंचमीला मी त्याच खुणेवर गाठ मारली. दसऱ्याला गोफ खुणेपर्यंत पुरेना, एक बोट सोडावं लागलं. मार्गशीर्षाच्या अवसेला, येळवशीला, शेतात पूजेला निघालो तेव्हा दोन बोटं. अव्वानं हे कधी बघितलं नाही, कारण कौतुकानं बघणाऱ्याला काही दिसत नसतं. मी हेव्यानं बघत होते, मला सगळं दिसत होतं. अक्काच्या गळ्याच्या खळगीत लिंबाएवढा फुगवटा आला होता.

अक्कानं मला परसात गाठलं. गिळताना अडकल्यासारखं होतं म्हणाली. अव्वाला कळलं तर बोभाटा होईल, निंबर्ग्याचं स्थळ हातचं जाईल, म्हणून कुणाला सांगू नगं. मी मान हलवली. मोठ्या मायेनं हलवली असं नाही. ती एवढी घाबरलेली मी कधी बघितली नव्हती, आणि खरं सांगते, मला ते गोड लागलं.

त्या थंडीत अक्का दोन गोधड्या घेऊन कुडकुडायची. भाकरी थापता थापता तिचा डोळा लागायचा. फणीत केसांचा पुंजका निघायचा. अव्वा तिला आळशी म्हणायची, सासरी नाव काढशील म्हणायची. आजवर हे टोमणे माझ्या वाट्याचे होते, त्यामुळं ते ऐकायला मी मुद्दाम चुलीजवळ बसायची.

मग निंबर्ग्याचे लोक बघायला आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. आत अक्का माझ्यापुढं पाठ करून बसली. सैल बांध, म्हणाली, म्हणजे ठुशी खाली येईल आणि फुगवटा झाकेल. मी गोफ हातात घेतला. बाहेर अव्वा पाहुण्यांना सांगत होती, आमच्या थोरलीचा गळा बघा, ठुशी कशी शोभते ते बघा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गोफ ओढला आणि जुन्या खुणेवर कचकन गाठ मारली. अक्काचा हात एकदा मानेमागं गेला. तेवढ्यात बाहेरून हाक आली, आणि ती तशीच उठली.

ठुशीनं आवळल्यावर फुगवटा वर उसळून आला. मग आत्यानं अक्काला तांब्या दिला आणि पाणी पी म्हणाली. अक्का प्याली. आत्याची नजर तिच्या गळ्यावर होती. प्रत्येक घोटाबरोबर तो गोळा वर चढायचा आणि खाली उतरायचा. आता अव्वालाही दिसला. तिच्या हातातलं पोह्यांचं ताट तसंच राहिलं. मी दाराआड उभी होते. मला वाटलं, झालं माझ्या मनासारखं.

आत्यानं आपला पदर बाजूला केला. तिच्या गळ्याला पेरवाएवढी गाठ लोंबत होती.

"माझं कुणी वेळेत बघितलं न्हाई, पोरी," ती म्हणाली. "तुझं कवळं हाय. दवाखान्यात दाखवा. सुगी झाल्यावर आम्ही परत येताव."

करायला गेले एक अन् झालं भलतंच. आमच्या अप्पांनी बैलगाडी जुंपून अक्काला हुमनाबादच्या दवाखान्यात नेलं. अव्वाच्या सोबतीला मीही होते. डॉक्टर दखनी उर्दूत बोलायचे. त्यांनीही पाणी पाजून बघितलं. गळ्यातल्या या ग्रंथीला आयोडीन लागतं, म्हणाले, ते इकडच्या मातीपाण्यात कमी आहे, समुद्राच्या जिनसांत असतं. ते पुरलं नाही की ग्रंथी फुगते, माणूस गारठतं, सुस्तावतं. मासळी खाता का, असं त्यांनी विचारलं. अप्पांनी शिव शिव म्हणत सदऱ्यावरून गळ्यातल्या लिंगाला हात लावला. डॉक्टर हसले. तपकिरी औषधाची बाटली दिली आणि सांगितलं, रोज दुधात मोजून थेंब टाका, जास्त टाकलं तर अपाय होईल.

मग रोज सकाळी अक्काला पेलाभर दूध, आणि मला कोरा चहा. सांगा, कुणाला राग येणार नाही? मी आरशात बघून आपला गळा दाबायची, कुठं सुजलाय का म्हणून. एकदा अव्वापुढं घोट अडकल्याचं सोंगही केलं. अव्वा म्हणाली, औषध हाय ते, परसाद न्हाई.

सुगीपर्यंत अक्काच्या अंगावरची गोधडी गेली. झोप उडाली, हसू परत आलं. गळाही हळूहळू उतरला. निंबर्ग्याचे लोक बोलल्याप्रमाणं आले आणि लग्न ठरलं. धाकटीनं घट्ट मारलेल्या गाठीनं पोरगी वाचली, असं अव्वा गावभर सांगत सुटली. मी ऐकून घेतलं. खरं बोलायची हिंमत नव्हती.

सासरी निघायच्या सकाळी अक्कानं मला आत बोलावलं. गळ्यातली ठुशी काढली आणि माझ्या गळ्याला लावली. अव्वाला विचारलंय, म्हणाली, ही आता तुझी. मला रडूच फुटलं.

"कामून रडायलीस?" तिनं विचारलं. मग माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "त्या दिशी गाठ कुठं मारलीस, ते माझ्या मानेला कळलं होतं. सैल बांध म्हणलं होतं, ते अव्वाला सांगितलं न्हाई म्या."

मला लाज वाटली, आणि त्या लाजेतसुद्धा तिचा हेवाच वाटला. असं मन मला कुठून मिळणार होतं? ती माझ्या पाठीमागं बसली होती, गोफ तिच्या हातात होता. आवळायची पाळी तिची होती. तिनं गाठ सैल मारली, आणि गोफाखाली आपलं बोट घालून बघितलं, मला कुठं रुतत तर नाही ना.